इंजिनिअरचं बोट

पाठीमागे दोन, पोटाखाली दोन. चारही स्क्रूंच्या शेजारी 'फिक्स' असं लिहिलेलं, आणि खोकं उघडायचं तर सोडवायचे नेमके तेच. तुम्ही ते सोडवता, झाकण वर उचलता. आत चाळीस वर्षांची धूळ, झुरळाची एक वाळलेली अंडीपिशवी आणि जुन्या रेडिओच्या दुकानात यायचा तो वास.

समोर आहे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीचा, ६५०२ प्रोसेसरचा, ३२ किलोबाइट मेमरीचा. आज सकाळी फोनवर आलेला 'शुभ प्रभात'चा गुलाब या मेमरीत मावणार नाही. तुमचा हात आपसूक प्लगकडे जातो. थांबा. ही वस्तू एवढ्यात चालू करायची नाही. आधी वाचायची.

दिवा तिरका धरा, भिंग घ्या. चिपच्या पाठीवर कंपनीचं चिन्ह, नंबर आणि त्याखाली चार आकडे: ८४२२. म्हणजे १९८४ सालचा बाविसावा आठवडा. शेजारची ८४१७, पलीकडची ८३५०. बोर्डावर शंभरेक चिप्स आहेत आणि बहुतेकींच्या पाठीवर त्यांच्या जन्माचा आठवडा छापलेला आहे. सगळ्या ८४ च्या आसपासच्या आणि मधेच एखादी ८८ ची दिसली, तर समजायचं की तुमच्या आधी इथे कुणीतरी हात घालून गेलंय. जुने संगणक दुरुस्त करणाऱ्यांना विचारलंत की यात एवढं काय आहे, तर ते सोल्डरिंगबद्दल तासभर बोलतील. पण निम्मा वेळ ते हेच करत असतात: तारखा वाचत बसतात.

वाचता वाचता तुमचं बोट डेटा बसवरच्या, म्हणजे चिप्समध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या तारांवरच्या, एका चिमुकल्या भागावर येतं. रेझिस्टरांची पट्टी. दिसायला काहीच नाही, भावही काही रुपयांचा. बोट टेकतं आणि खोलीतला पंखा ऐकू येईनासा होतो.

थंडी आधी जाणवते. १९८१ चा फेब्रुवारी. केंब्रिजमधलं मार्केट हिल. नावात टेकडी आहे, जागेवर नाही. सपाट बाजारचौक आहे. ॲकॉर्नच्या खोल्यांत तुम्ही उभे आहात आणि शुक्रवार उजाडायचाय. टेबलावर जे आहे त्याला संगणक म्हणायला धीर लागेल. बोर्डावर सोल्डर नाहीच. बारीक खांबांना तार गुंडाळून सगळी जोडणी केलेली. अशी तार गुंडाळण्यात ज्याचा हात सगळ्यांत वेगवान म्हणून ख्याती, त्या राम बॅनर्जी यांना खास या कामाला लावलंय. चार मेमरी चिप्स हिताचीच्या आहेत. हव्या त्या वेगाच्या अख्ख्या ब्रिटनमध्ये तेवढ्या चारच होत्या, आणि हिताचीचा प्रतिनिधी त्या स्वतः हातात घेऊन आला होता.

घाई कशाची, तर बीबीसीला देशाला संगणक शिकवणारी मालिका काढायची आहे आणि त्यासाठी स्वतःच्या नावाचं यंत्र हवंय. बीबीसीची माणसं आज बघायला येणार. आठवड्यापूर्वी हे यंत्र फक्त कागदावर होतं. ते रचणाऱ्या स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन या दोघांनाही वाटत होतं की पाच दिवसांत हे होणं अशक्य. तेव्हा ॲकॉर्नच्या संस्थापकांपैकी एक, हर्मन हाउझर, यांनी एकाला सांगितलं, विल्सन म्हणतेय जमेल. दुसरीला सांगितलं, फर्बर म्हणतोय जमेल. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ वेगळं काय करतात?

आणि आता पहाटे ते यंत्र बसलंय रुसून. बोर्डापासून एक केबल शेजारच्या दुसऱ्या संगणकाकडे जाते. त्याच्या आधारानं तपासणी चाललीय आणि काही केल्या गाडी हलत नाही. हाउझर सुचवतात, ती जोडणारी तारच कापून बघा. इंजिनिअर नसलेल्या वरिष्ठानं द्यावा तसा सल्ला. तार कापतात. बोर्ड स्वतःच्या पायावर चालू होतो. सकाळचे सात वाजलेत. दहाला पाहुणे.

काही महिने पुढे सरका. बोर्ड आता छापील झालाय आणि वेगळंच खूळ निघालंय: इंजिनिअरनं एका विशिष्ट जागी बोट टेकवलं तरच यंत्र नीट चालतं. बोट काढलं की चुकतं. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक इंजिनिअर पाठवणं शक्य नाही, म्हणून डेटा बसवर रेझिस्टरांची एक पट्टी बसवतात आणि तिला म्हणतात 'इंजिनिअरचं बोट'. ती का लागते, हे शेवटपर्यंत नक्की कुणाला कळलं नाही असं फर्बर स्वतः सांगतात. तसंच ८१एलएस९५ या चिपचं. नॅशनल सेमिकंडक्टरची असली तर चालते, दुसऱ्या कंपनीची, कागदोपत्री अगदी तीच, बसवली तर नाही. बीबीसीचा अंदाज होता की अशी १२,००० यंत्रं खपतील. खपली १५ लाखांच्या घरात, आणि इतक्यांच्या पोटात ते बोट टेकलेलं.

पंखा पुन्हा ऐकू येतो. तुम्ही पुण्यात आहात आणि बोट पट्टीवरून उचलताय, जरा अदबीनंच. या छंदातला पहिला कायदा इथून निघतो. जे आपल्याला कळत नाही ते 'सुधारायला' जायचं नाही. नव्या उत्साहात सगळ्या चिप्स बदलून टाकणारे लोक मी पाहिलेत; त्यांची यंत्रं लखलखीत असतात आणि बहुधा बंद असतात.

आता डावीकडची धातूची पेटी, पॉवर सप्लाय. प्लग काढलेला असला तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वरचा दाब शिल्लक राहू शकतो, तेव्हा ज्याला या कामाची सवय आहे त्यालाच पेटी उघडू द्या. आत मेन्सच्या तोंडाशी दोन मधाळ रंगाचे चौकोनी ठोकळे दिसतील. रिफा कंपनीचे कॅपॅसिटर. भिंगाखाली धरा: रेझिनच्या कवचावर केसासारख्या भेगा. आत धातूचा थर दिलेला कागद आहे. भेगांतून दमट हवा शिरते, कागद ती पिऊन बसतो, आणि मग एके दिवशी कुणीतरी हौसेनं प्लग लावतं. काही मिनिटं सगळं उत्तम. मग फटाका, पांढरा धूर आणि पुढचे दोन दिवस खोलीत न जाण्याजोगी घाण. कोकणातून आलेलं यंत्र असेल तर भेगा नाहीत अशी आशासुद्धा करू नका.

हे ठोकळे तिथे कशासाठी? यंत्राचा विजेतला गोंगाट बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर होऊ नये म्हणून. ते बदलायला तुम्ही पासोड्या विठोबाच्या गल्लीत जाता. दुकानात 'कंडेन्सर' म्हणालात तर पंख्याचा मिळेल. 'एक्स-टू' म्हणून मागा, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी. दोन्ही मिळून वडापावच्या भावात येतात, आणि हे सगळं यंत्र वाचतं ते त्यांच्यावर.

झाकण पुन्हा बघा. मूळचा सायीसारखा रंग पिवळा पडलाय. प्लॅस्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं मिसळतात. उजेड, हवा आणि ही संयुगं मिळून पिवळेपणा आणतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग परत उजळतो. पार्लरमध्ये केसांना लावतात तेच. पुष्कळ जण करतात. माझं मत विचाराल तर राहू द्या तसंच. प्लॅस्टिक ठिसूळ झालं नसेल तर पिवळा रंग हा काही बिघाड नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शेजाऱ्याचा रेडिओ जपायला बसवलेला भाग फुटतो. आगीपासून राखायला घातलेलं रसायन रंग घालवतं. त्याच पिढीतल्या दुसऱ्या संगणकांत वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला दिलेली बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. जपणुकीची सोय म्हणून जे जे घातलं, तेच आधी गेलं. प्रोसेसरला मात्र काही झालेलं नसतं.

कीबोर्ड उचकटताना लाल फंक्शन कीजच्या खाचेत तुम्हाला कसलीतरी पूड दिसते. गंज असेल म्हणून तुम्ही चिमटीत घेता. कुंकू.

या वेळी थंडी वाजते ती एसीची. १९८५. महाराष्ट्रातली एक शाळा. चपला दाराबाहेर काढलेल्या, खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर प्लॅस्टिकची आवरणं. इमारतीत पहिला एसी मुख्याध्यापकांना मिळालेला नाही, या खोलीला मिळालाय. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या आणि तिथे बीबीसी मायक्रो पाठवले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ॲकॉर्नशी करार करून ही यंत्रं भारतातही काढली, युनिकॉर्न या नावानं. (१९८९ मध्ये मोहालीचा तो चिपचा कारखाना आगीत गेला. भारतीय चिप उद्योगाची कहाणी सांगणारे बहुतेक जण तिथे येऊन उसासा टाकतात. आपण पुढे जाऊ.)

दसरा नुकताच झालाय. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, गणिताच्या सरांनी प्रत्येक कीबोर्डला बोट लावलं, आणि ते कुंकू खाचेत उतरलं. आता एका यंत्राभोवती चार-पाच मुलं आहेत. एक टाइप करतो, बाकीचे सल्ले देतात. तासभर खपून ओळी भरत आणल्यात आणि कुणाचा तरी कोपर ब्रेक नावाच्या कळीवर पडतो. पडदा कोरा. वर्गात सुतकी शांतता. सर येतात, चष्मा कपाळावर चढवतात, ओ-एल-डी अशी तीन अक्षरं टाइप करून रिटर्न दाबतात, मग 'लिस्ट'. सगळ्या ओळी जागच्या जागी. सरांचा भाव त्या दिवशी जो वधारतो तो मुलं शाळा सोडून गेली तरी उतरत नाही.

मागच्या बाकावरच्या मुलीची वही बघा. चौकटीच्या कागदावर तिनं आठ बाय आठचा चौकोन आखलाय आणि त्यात घरं काळी करून अक्षर बसवतेय. या यंत्राला मराठी येत नाही. पण व्हीडीयू २३ अशी एक आज्ञा आहे. तिच्यापुढे अक्षराचा क्रमांक आणि त्याच्या आठ ओळींचे आठ आकडे दिले की तुमचं स्वतःचं अक्षर पडद्यावर उमटतं. घरांना उजवीकडून १, २, ४, ८ अशा किमती, १२८ पर्यंत. काळ्या घरांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. वरच्या ओळीत आठही घरं काळी. ती बेरीज करते: २५५. ती शिरोरेखा. बहुतेक अक्षरांचा पहिला आकडा तोच येणार हे तिच्या लक्षात येतं आणि ती त्यांच्या रकान्यांत वर आधीच २५५ लिहून मोकळी होते. सिलॅबसमध्ये हे नाही. सर बघतात आणि बघितलं न बघितलं करतात.

तुम्ही यंत्र उलटं करता. पोटाखाली चाळीस पिनांची एक जागा आहे, वर लिहिलंय 'ट्यूब'. बहुतेक घरांत आणि शाळांत तिला कधी काही जोडलंच गेलं नाही. तिथे बोट लावा.

२६ एप्रिल १९८५, केंब्रिजच्या कडेला फुलबर्न रोडवरची ॲकॉर्नची नवी जागा. तीच दोन माणसं, विल्सन आणि फर्बर. कारखान्यातून एक नवी चिप आलीय. तिचं प्रारूप त्यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासलं होतं. चिप एका बोर्डावर चढते, बोर्ड ट्यूबमधून बीबीसी मायक्रोला जोडला जातो आणि ती पहिल्या फटक्यात चालते. पुढे तिला वीज किती लागते हे बघायला फर्बरनी मीटर लावला तर काटा शून्यावर. शोधल्यावर कळलं की चिपला मुख्य वीज जोडलेलीच नव्हती. सिग्नलच्या पिनांतून झिरपणाऱ्या विजेवर ती बिनतक्रार काम करत होती. तिचं नाव आर्म. तुमच्या खिशातल्या फोनचा प्रोसेसर तिच्याच वंशातला आहे. तुम्हाला तिथल्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून फोन दाखवावासा वाटतो, पण वर्षं ओलांडायची मुभा फक्त बोटाला आहे.

परत टेबलाशी. आता बटण दाबायला हरकत नाही. कॅपॅसिटर नवे आहेत, लाल आणि काळ्या तारांमध्ये पाच व्होल्ट मोजून घेतलेत. दाबा.

'बूऽऽऽ.'

चांगला बीबीसी मायक्रो 'बू' म्हणतो आणि लगेच 'बीप'. तो 'बू' म्हणजे ध्वनीची चिप; वीज आली की ती स्वतःच गायला लागते, मग प्रोसेसर जागा होतो, तिला गप्प करतो आणि स्वतःचा बीप देतो. तुमचा 'बू' थांबतच नाही. म्हणजे प्रोसेसर गप्प करायला आलेलाच नाही. घाबरू नका. तापणं आणि निवणं यात वर्षानुवर्षं चिप्स सॉकेटमधून रेसभर वर सरकत जातात. वीज बंद करा, अंगठ्यानं एकेक चिप दाबत जा. दुसऱ्या की तिसऱ्या चिपला बारीक 'कट्' ऐकू येतं आणि ते तुम्हाला अंगठ्यातही जाणवतं. काळ्या पडलेल्या पायांची असेल तर काढून, पाय हलक्या हातानं घासून परत बसवा. पुन्हा बटण.

'बू-बीप.' पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', त्याखाली 'बेसिक', आणि लुकलुकणारी रेघ.

इथे बरेच जण थांबतात, एखादा खेळ लावतात. तुम्ही एक गोष्ट अजून करा. यंत्र बंद करून आयसी ५१ ही रॉम चिप अलगद काढा आणि ईप्रॉम वाचणाऱ्या यंत्रात ठेवा. कार्यप्रणाली हिच्यात आहे. प्रोसेसरला हिची शेवटाजवळची तीन पानं, ७६८ बाइट, कधीच दिसत नाहीत, कारण त्या पत्त्यांवर बाहेरच्या उपकरणांची दारं आहेत. त्या तीन पानांना ॲकॉर्नच्या मंडळींनी नावं दिली होती फ्रेड, जिम आणि शीला. त्यांच्या आड रॉममध्ये रिकामी जागा राहणार होती, तर ती वाया कशाला घालवायची? वाचून बघा. १९८१ चा स्वामित्वाचा शेरा, आणि मग आभार. फर्बर आहेत, हाउझर आहेत. मेमरी देणारी हिताची, ६५०२ चे रचनाकार, एका रस्त्याचंसुद्धा नाव आहे. आणि यादीत अगदी वरच्या बाजूला: राम बॅनर्जी. त्या मुलीच्या शाळेतल्या यंत्रातही हे नाव होतं. सरांना पत्ता नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आज लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये चालतं, मग एवढा खटाटोप कशाला? एम्युलेटरला खायला लागणारी रॉम आणि फ्लॉपी कुणीतरी खऱ्या यंत्रातून काढून वाचलेली असते. १९८६ मध्ये बीबीसीनं त्या काळच्या ब्रिटनची मोठी नोंदवही केली, १०८६ च्या डूम्सडे बुकाला ९०० वर्षं झाली म्हणून. दहा लाखांवर माणसांनी, त्यात असंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती दिली. ती लेझरडिस्कवर घातली आणि वाचायला ॲकॉर्नचा संगणक आणि फिलिप्सचा खास प्लेअर लागायचा. पंधराएक वर्षांत चालू प्लेअर शोधत फिरायची पाळी आली, आणि ती माहिती शेवटी बाहेर काढता आली ती अशी काही यंत्रं चालती होती म्हणून. कातड्यावर शाईनं लिहिलेलं १०८६ चं पुस्तक लंडनमध्ये क्यू इथे आहे आणि आजही वाचता येतं.

आपल्या शाळांतल्या फ्लॉपींचं काय? त्यांवर नुसते गुणाकाराचे पाढे असतील, किंवा कुणीतरी एकेका ओळीच्या बेरजा करून बसवलेली अख्खी बाराखडी असेल. तुमची शाळा त्या २५० पैकी असेल, तुम्ही तिथे शिकला असाल किंवा आता शिकवत असाल, तर भंगारवाला येण्याआधी अडगळीच्या खोलीत एकदा डोकावून या. पिवळं खोकं दिसलं तर वजनावर देऊ नका. सोबतच्या सव्वापाच इंची फ्लॉपींवर पांढरी बुरशी दिसली तर त्या पुसल्याशिवाय कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं वाचणारं डोकं आणि फ्लॉपी दोन्ही जातील. आणि चालतंय का बघायला प्लग लावू नका. आधी ते दोन कॅपॅसिटर बदलून घ्या.